हेडलाइट मंद झाली की मेकॅनिक ज्याचा नियम वापरतो, त्या ओहमवर स्वतःच्याच देशात बेकार व्हायची वेळ आली होती

रात्रीचा प्रवास. गाडीची एक हेडलाइट लख्ख पेटते, दुसरी मात्र पिवळट, मलूल. नवा बल्ब घातला तरी तेच. मग कोणी सांगतं बॅटरी बदला, कोणी सांगतं अल्टरनेटर गेला. खर्च वाढत जातो, उजेड काही वाढत नाही.

शेवटी गाडी एखाद्या जाणत्या वायरिंगवाल्याकडे जाते. तो मीटरच्या दोन पिना चार ठिकाणी टेकवतो. बॉनेटखालचा एक गंजलेला स्क्रू खोलतो, पॉलिश पेपरने घासतो आणि पुन्हा आवळतो. हेडलाइट लख्ख. नवीन पार्ट एकही नाही.

बघणाऱ्याला हा हातगुण वाटतो. खरं तर यामागे एक साधा हिशोब आहे आणि तो प्रत्येकाने शाळेत पाठ केलेला असतो. विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. ओहमचा नियम.

पाच मार्कांसाठी पाठ केलेला हा नियम ज्याने शोधला, त्याला तो सिद्ध करायला काही महिने लागले. लोकांच्या गळी उतरवायला मात्र आयुष्यातली उमेदीची चौदा वर्षं गेली. नोकरी गेली, घरची घडी विस्कटली, ज्या पदाचं स्वप्न बघितलं ते मिळालं तेव्हा आयुष्याची दोनच वर्षं उरली होती.

त्या माणसाचं नाव जॉर्ज सायमन ओहम.

कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा. गाव जर्मनीतल्या बव्हेरिया भागातलं एर्लांगेन. वडील योहान वोल्फगांग कुलुपं-किल्ल्या बनवायचे. आई एका शिंप्याची मुलगी. घरात सात मुलं झाली, पण त्या काळात बालमृत्यूचं प्रमाण भयंकर होतं. मोठी होईपर्यंत जगली ती तिघंच. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडील कॉलेजात गेलेले नव्हते. पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञानाचा अभ्यास केला होता. तेच ज्ञान त्यांनी दोन्ही मुलांना घरी बसवून दिलं. मुलांची तयारी इतकी पक्की होती की एर्लांगेनच्या एका प्राध्यापकांनी या दोन भावांची तुलना स्वित्झर्लंडच्या बर्नोली घराण्याशी केली. त्या घराण्याने युरोपला एकामागून एक गणिती दिले होते.

वडिलांकडून जॉर्जला आणखी एक गोष्ट मिळाली. धातू हाताळायची सवय. पुढे त्याने आपल्या प्रयोगांची बरीच उपकरणं स्वतःच तयार केली. कुलूपवाल्याच्या घरात कानस आणि तारा हाताळत वाढलेल्या पोराला ते जड गेलं नाही.

१८०५ मध्ये सोळा वर्षांचा जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. आणि तिथे त्याचं लक्ष उडालं. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यात दिवस जाऊ लागले. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोरगं वाया घालवतंय, हे वडिलांना सहन झालं नाही. तीन सत्रांनंतर त्यांनी त्याला विद्यापीठातून काढलं आणि थेट स्वित्झर्लंडला धाडलं. तिथल्या एका शाळेत तो गणित शिकवू लागला.

ही शिक्षाच होती, पण ती लागू पडली. शिकवता शिकवता तो रात्री स्वतः अभ्यास करू लागला. ऑयलर, लाप्लास अशा मोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ त्याने एकट्याने वाचून काढले. १८११ मध्ये एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली, पण पोट भरेना

ओहमला विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं. एर्लांगेनमध्ये त्याने तीन सत्रं शिकवलंही. पण पगार इतका तुटपुंजा की त्यात भागेना. नाइलाजाने १८१३ मध्ये त्याने बॅम्बर्ग गावातल्या एका साध्या शाळेत नोकरी धरली. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली. मग त्याच गावात दुसरी शाळा.

या कंटाळवाण्या दिवसांत त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठवलं. नशिबाने ते तिथे आवडलं. १८१७ मध्ये त्याला कोलोन शहरातल्या जिम्नॅशियममध्ये बोलावणं आलं. जर्मनीत जिम्नॅशियम म्हणजे व्यायामशाळा नाही, तर विद्यापीठाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा.

ही शाळा चांगली होती आणि मुख्य म्हणजे तिथे भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती. दिवसा शिकवायचं, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा ओहमचा क्रम सुरू झाला.

वेळही अगदी योग्य होती. १८०० मध्ये व्होल्टाने पहिली बॅटरी जगापुढे आणली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिलं की तारेतून वीज वाहत असेल तर शेजारची चुंबकसुई हलते. म्हणजे वीज किती जोरात वाहते आहे ते सुई किती हलली यावरून मोजता येणार होतं. पण बॅटरीला तार जोडली की किती वीज वाहील, जाड तार घेतली तर काय, लांब घेतली तर काय, याचं नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं. सगळा कारभार अंदाजावर चालला होता.

पहिला प्रयत्न फसला

१८२५ मध्ये ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारा बॅटरीला जोडून मापं घेतली आणि घाईघाईत निबंध छापून टाकला. त्यातलं सूत्र चुकीचं निघालं.

का? कारण त्या काळातल्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. जोडल्या जोडल्या जोर जास्त, आणि थोड्याच वेळात तो उतरायला लागायचा. एक तार मोजून दुसरी जोडेपर्यंत मूळ जोरच बदललेला. मग फरक तारेमुळे पडला की बॅटरीमुळे, हे कळणार कसं?

गाडीचा फॉल्ट शोधताना आजही पहिली चूक हीच होते. बॅटरी अर्धी उतरलेली असते आणि माणूस वायरिंग उलगडत बसतो. म्हणून जाणता मेकॅनिक सुरुवात बॅटरीपासून करतो. पूर्ण चार्ज असलेली आणि काही वेळ निवांत ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा बराच कमी असेल तर आधी बॅटरी चार्ज करायची, मगच पुढची मापं. मूळ जोर स्थिर नसेल तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ नसतो.

ओहमला हा धडा जाहीर चूक करून मिळाला. पण तो अडून बसला नाही. जर्मनीतल्या मोठ्या विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवलं की बॅटरीचा नाद सोड आणि थर्मोकपल वापर. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे करायचे, एक गरम ठेवायचा, दुसरा थंड ठेवायचा, की त्यातून वीज वाहते. हा शोध सीबेकने काही वर्षांपूर्वीच लावला होता.

उकळतं पाणी, बर्फ आणि आठ तारा

१८२६ च्या जानेवारीत ओहमने नवीन मांडणी केली. बिस्मथ आणि तांबं यांचे दोन सांधे. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोघांच्या तापमानातला फरक बदलत नाही. म्हणजे विजेचा जोरही बदलत नाही.

वर चुंबकसुई एका बारीक धातूच्या पट्टीला टांगलेली. वीज वाहिली की सुई वळणार. मग वरची पट्टी पिळून सुई पुन्हा जागेवर आणायची. किती पीळ द्यावा लागला, ते विजेच्या जोराचं माप.

आता तांब्याच्या आठ तारा. जाडी एकच, लांबी वेगवेगळी. सर्वात छोटी २ इंचांची आणि सर्वात मोठी १३० इंचांची. एकेक तार जोडायची, सुई जागेवर आणायची, आकडा लिहायचा. दिवसामागून दिवस हेच काम.

आकड्यांतून जे सूत्र निघालं ते फार साधं होतं. मूळ जोराला दोन गोष्टींच्या बेरजेने भागायचं, की वाहणारी वीज मिळते. त्यातली एक गोष्ट म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी. दुसरी म्हणजे उरलेल्या सगळ्या मंडलाचा अडथळा, ज्यात वीज तयार करणारं उपकरणही आलं.

शाळेत शिकवला जाणारा नियम हे याचंच सुटसुटीत रूप. पण त्या बेरजेतला दुसरा भाग बरेच जण विसरतात आणि गाडीतले निम्मे फॉल्ट तिथेच लपलेले असतात.

गाडी सुरू करताना चावी फिरवली की क्षणभर हेडलाइट मंद होते, ते कशामुळे? स्टार्टर मोटर बॅटरीकडून शंभर अँपिअरच्या वर विद्युतधारा खेचते. बॅटरीला स्वतःचा थोडासा आतला रोध असतो. इतकी मोठी धारा त्यातून गेली की बॅटरीच्या पोटातच दोन-तीन व्होल्ट खर्च होतात आणि दिव्यापर्यंत कमी पोचतात. बॅटरी म्हातारी झाली की हा आतला रोध वाढतो. म्हणून नुसतं मोजलं तर १२.५ व्होल्ट दाखवणारी बॅटरीसुद्धा स्टार्टर मारला की कोसळते. ओहमच्या सूत्रातला दुसरा भाग तो हाच.

पुस्तक छापलं आणि पायाखालची जमीन सरकली

आपण काहीतरी मोठं शोधलंय हे ओहमला कळलं होतं. त्याने शाळेतून वर्षभराची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि बर्लिन गाठलं. भाऊ मार्टिन तिथेच होता. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक बाहेर आलं. नावाचा अर्थ होता विद्युतमंडलाचा गणिती अभ्यास.

त्यात त्याने विजेची तुलना उष्णतेशी केली. पातेल्यात ठेवलेल्या पळीचं एक टोक तापलं की उष्णता धातूच्या एका कणाकडून शेजारच्या कणाकडे सरकत दांड्यापर्यंत येते. फ्रान्सच्या फूरिएने याचं गणित मांडलं होतं. वीजही अशीच शेजारच्या कणाकडे सरकते, असं धरून ओहमने आपलं गणित उभं केलं.

ओहमला वाटलं होतं की पुस्तक आलं की विद्यापीठाची दारं उघडतील. घडलं उलटंच.

त्या काळात बर्लिनमध्ये हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा मोठा दबदबा होता. शिक्षण खात्यातही त्या विचारांची माणसं होती. निसर्गाचं सत्य खोल चिंतनातून कळतं, तारांची लांबी मोजत बसून नाही, असं मानणारे बरेच होते. दुसरीकडे, जे प्रयोग करायचे त्यांना इतकं अवघड गणित झेपत नव्हतं. म्हणजे तत्त्वज्ञांना त्यातले प्रयोग नकोत आणि प्रयोग करणाऱ्यांना त्यातलं गणित नको, अशी ओहमची गत झाली.

बर्लिनमधल्या पोल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तर पुस्तकाची यथेच्छ खिल्ली उडवली. हे सगळं कल्पनेचे खेळ आहेत, असा त्याचा सूर होता. ज्या माणसाने बर्फ आणि उकळत्या पाण्यात हात घालून एकेक आकडा मिळवला, त्यालाच कल्पनेत रमणारा ठरवलं गेलं.

ओहमला नोकरीवरून काढलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात १८२८ मध्ये त्याने स्वतःच कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला. अपमान सहन करून तिथे परत जाणं त्याला जमलं नाही. वय ३९. लग्न झालेलं नाही, पुढेही झालं नाही. विद्यापीठाची जागा नाही आणि हातात होती ती पक्की नोकरीही गेली.

पुढची पाच वर्षं त्याने बर्लिनमध्ये मिळेल ते काम केलं. इथे काही तास गणित शिकव, तिथे लष्करी शाळेत शिकव. ज्या प्रयोगशाळेत त्याने शोध लावला ती सुटली होती. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. चूल पेटली, पण ते विद्यापीठ नव्हतं.

नियम कुणाला आधी सापडला होता?

या कथेला आणखी एक बाजू आहे. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला १७८१ च्या सुमाराला, म्हणजे ओहमच्या जन्माआधीच, असाच नियम सापडला होता. मोजायला उपकरण नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या शरीरातून वीज जाऊ द्यायचा आणि झटका किती बसला यावरून अंदाज बांधायचा. पण कॅव्हेंडिश कमालीचा अबोल माणूस. त्याने हे छापलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याची कागदपत्रं प्रसिद्ध केली तेव्हा जगाला कळलं.

कॅव्हेंडिश गप्प बसला, त्याला कुणी हसलं नाही. ओहमने सांगितलं आणि किंमत मोजली. म्हणूनच नियमाला नाव ओहमचं आहे.

तारायंत्राने न्याय दिला

ओहमच्या मदतीला शेवटी तत्त्वज्ञ आले नाहीत, गरज आली. जर्मनीत फेशनर आणि रशियात लेंझ यांनी त्याचा नियम तपासला आणि उचलून धरला. आणि १८३७ पासून इंग्लंडमध्ये विजेचं तारायंत्र धावायला लागलं.

मैलोन्‌मैल तार टाकायची म्हणजे पलीकडे किती वीज पोचेल, बॅटऱ्या किती लागतील, हे आधी कळायला हवं. अंदाजावर तार टाकली आणि पलीकडची सुई हललीच नाही तर सगळा पैसा पाण्यात. ओहमचं सूत्र हेच सांगत होतं. व्हीटस्टनने १८४३ मध्ये ओहमच्या नियमाच्या आधारे रोध मोजायच्या पद्धती मांडल्या.

पुढे तर या नियमाने फॉल्ट शोधायचं नवं शास्त्रच उभं राहिलं. समुद्राच्या तळाशी केबल बिघडली तर सगळी उपसून बघणार कशी? किनाऱ्यावर बसून केबलचा रोध मोजायचा. दर मैलाला रोध किती हे माहीत असेल, तर बिघाड किती मैलांवर आहे ते काढता येतं. मग जहाज नेमकं तिथेच पाठवायचं. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न नावाच्या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली, तेव्हा तारायंत्राच्या माणसांसाठी ओहमचा नियम हा रोजचा हत्यार झालेला होता.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कॉप्ली पदक दिलं. हाच सन्मान त्याच्याआधी व्होल्टा, फॅरेडे आणि गाउस यांना मिळालेला होता. पुढच्या वर्षी सोसायटीने त्याला परदेशी सदस्य करून घेतलं. पुस्तक येऊन चौदा वर्षं झाली होती. परक्या देशाने डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे मायदेशाला आपल्या माणसाची किंमत कळायला लागली.

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेला. तिथल्या विज्ञान अकादमीच्या उपकरणांची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि विद्यापीठात व्याख्यानंही सुरू झाली. आणि १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठात तो प्रायोगिक भौतिकशास्त्राचा मुख्य प्राध्यापक झाला. तरुणपणी बघितलेलं स्वप्न वयाच्या ६३ व्या वर्षी पूर्ण झालं.

ते सुख दोनच वर्षांचं ठरलं. ६ जुलै १८५४ ला ओहमचं म्युनिकमध्ये निधन झालं.

१८८१ मध्ये पॅरिसला विद्युतशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे विजेची मापं सगळ्या जगासाठी एकसारखी ठरली. विभवांतराला व्होल्ट, धारेला अँपिअर आणि रोधाला ओहम. मल्टिमीटरवर ओमेगाचं जे घोड्याच्या नालासारखं चिन्ह असतं, ते या माणसाच्या नावाचं.

मग मंद हेडलाइटचा फॉल्ट सापडतो कसा?

ओहम गेला तेव्हा मोटारगाडी जन्मलेली नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे गॅसवर किंवा तेलावर जळायचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे कंपनीकडूनच बसवून येऊ लागले आणि मग बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. तेव्हापासून प्रत्येक गाडीत ओहमचं मंडल फिरतं आहे.

एक साधा हिशोब बघा. ६० वॅटचा हेडलाइट बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेतो. म्हणजे जळताना त्याचा रोध २.४ ओहम. आता कुठल्या तरी जोडावर गंज चढून फक्त ०.३ ओहमचा रोध वाढला, तर एकूण झाला २.७ ओहम. धारा उतरते साधारण ४.४ अँपिअरवर आणि बल्बला मिळतात १०.७ व्होल्ट.

तोटा जेमतेम अकरा टक्क्यांचा वाटतो. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. अकरा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. रात्री रस्ता ओलांडणारा माणूस दिसणं आणि न दिसणं, यातला हा फरक आहे.

म्हणून शोधायची रीत अशी. लाइट चालू ठेवायची. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजायचं. समजा १२.५ व्होल्ट मिळाले. मग बल्बच्या होल्डरवर मोजायचं. समजा १०.७ मिळाले. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवले.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या प्लसला. ०.२ व्होल्ट दाखवले, तर तो रस्ता ठीक आहे. मग एक पिन बल्बच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. इथे १.६ व्होल्ट दाखवले, तर चोर सापडला. बल्ब, स्विच, फ्यूज, रिले सगळे निर्दोष. अर्थिंगची तार बॉडीला जिथे आवळली आहे तो स्क्रू गंजलेला आहे.

ही मापं लाइट चालू असतानाच का घ्यायची? कारण धारा वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतच नाही. लाइट बंद करून नुसता वायरचा रोध मोजला तर तुटत आलेली वायरसुद्धा पास होते. पन्नास बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर बीप करतो. पण त्या एका तारेतून ५ अँपिअर नीट जात नाहीत.

ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, हा प्रकारही बहुतेक वेळा अर्थचाच. मागच्या लाइटच्या सेटची अर्थ सुटली की धारेला घरी जायला रस्ता उरत नाही. मग ती शेजारच्या बल्बमधून उलटी वाट काढते. दोन्ही बल्ब एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि दोन्ही अर्धवट पेटतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर उलटा हिशोब. कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागली आहे, रोध जवळजवळ शून्य झाला आहे, म्हणून धारा प्रचंड वाढते. अशा वेळी मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळणार.

एक गोष्ट मात्र फसवते. बल्ब काढून थंड असताना त्याचा रोध मोजला तर २.४ ओहम मिळत नाहीत, त्याच्या दशांशाच्या आसपास मिळतात. बल्ब शॉर्ट झाला असं वाटून लोक तो फेकून देतात. पण तापलेल्या तारेचा रोध थंड तारेपेक्षा खूप जास्त असतो. तापमान स्थिर असेल तरच नियम सरळ चालतो, ही अट पुस्तकात उगाच लिहिलेली नाही.

नव्या गाड्यांतल्या एलईडी दिव्यांचा स्वतःचा हिशोब थोडा वेगळा असतो. पण त्यांच्यापर्यंत जाणारी वायर, मधला कनेक्टर आणि अर्थचा स्क्रू यांना आजही ओहमचाच नियम लागू आहे.

पोलने ज्याला कल्पनेचे खेळ म्हटलं, त्याच नियमावर आज गल्लीतला वायरिंगवाला दहा मिनिटांत फॉल्ट शोधून देतो. ओहमनेही नेमकं हेच केलं होतं. आधी मूळ जोर स्थिर केला, मग एका वेळी एकच गोष्ट बदलली, आणि बॅटरीपासून निघून परत बॅटरीपर्यंतचं अख्खं मंडल हिशोबात धरलं. त्यामुळे पुढच्या वेळी हेडलाइट मंद झाली तर नवा बल्ब घ्यायच्या आधी अर्थचा स्क्रू तपासा.